मंडळाची वही आणि माझी यादी

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘उद्योजिका’ असं छापलंय. ते वाचून माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “कसला उद्योग गं? पापड की कुरडया?” म्हटलं, पापड नाही, पत्रं. लोकांना पत्रं लिहिते आणि त्यातून थोडे पैसे मिळवते. त्यांना ते काही पटलं नाही. तुम्हाला पटतंय का बघू.

मकरपुऱ्यात एका खाजगी कंपनीत मी सतरा वर्षं हिशेब लिहिले. २०२० साली टाळेबंदीत कंपनीने आमचं ऑफिस बंद केलं. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. नोकरी शोधली, पण अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला नव्याने कोण घेतो? मुलानेच सांगितलं, आई, तू कुठलं भांडं चांगलं, कुठलं वाईट ते सगळ्या नात्यागोत्याला फोनवर सांगतेसच, तेच लिही आणि कमिशन घे. त्याला अफिलिएट मार्केटिंग म्हणतात.

आपल्या बडोद्याच्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायला फार वेळ लागू नये. हाथीखान्यात आडत्ये काय करतात? माल त्यांचा नाही, गिऱ्हाईकही त्यांचं नाही. दोघांची गाठ घालून दिली की दलाली. इथे तेच, फक्त तोंडओळखीच्या जागी लिंक. त्या लिंकमध्ये माझा क्रमांक असतो. तुम्ही त्यावरून गेलात आणि वस्तू घेतलीत तर दुकानदार मला शेकड्यामागे काही रुपये देतो. तुम्हाला किंमत तीच पडते. अमेझॉनने ही पद्धत १९९६ साली पुस्तकांसाठी सुरू केली आणि पुढे ती सगळीकडे पसरली.

मी एक साधी वेबसाइट केली. मराठीत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांसाठी स्वयंपाकघरातल्या वस्तू: कुकर, मिक्सर, मोदकपात्र, पुरणयंत्र. कुठलं घ्यावं, कुठलं टाळावं. पहिल्या सहा महिन्यांत मिळाले एकेचाळीस रुपये. तेही हातात नाहीत, कारण ठरावीक रक्कम जमेपर्यंत पैसे खात्यात येतच नाहीत.

का मिळाले नाहीत? लोक येत होते. वाचत होते. पण आपली बाई मिक्सर असा वाचल्या वाचल्या घेत नाही. ती यजमानांना विचारते, बहिणीला फोन करते, मंगळबाजारात जाऊन भाव बघून येते, आणि पंधरा दिवसांनी घेते. माझ्या लिंकची मुदत मात्र कित्येक ठिकाणी चोवीस तासांची. पंधरा दिवसांनी तिला माझं नाव कुठून आठवणार? म्हणून ईमेल. आलेल्या माणसाचा पत्ता त्याने राजीखुशीने दिला तर त्याला पुन्हा भेटता येतं. एवढंच त्यातलं मर्म आहे. पण ‘राजीखुशीने’ हा शब्द मी तेव्हा गाळला होता, आणि आज मी उभी आहे ती मुख्यतः त्याबद्दल बोलायला.

झालं असं, मी सात हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये भरून एक कोर्स घेतला. कोणाचा ते सांगत नाही. त्यात पहिला धडा होता: ‘पैसा यादीत आहे.’ दुसरा धडा, यादी मोठी हवी. तिसरा धडा, हाच कोर्स दुसऱ्याला विका आणि निम्मे पैसे कमिशन मिळवा. (इथे बसलेल्या मुलांनी तिसऱ्या धड्याकडे नीट लक्ष द्यावं. जिथे शिकवणारा स्वतः काय विकून जगतो याचं उत्तर ‘हाच कोर्स’ असं येतं, तिथून चपला घालून निघावं.) दोन लाख ईमेल पत्ते अडीच हजारांत मिळतात असंही सांगितलं होतं. ते मी घेतले नाहीत. मला वाटलं, अनोळखी पत्ते कशाला, आपल्याकडे ओळखीची यादी आहे.

ती यादी कोणती? मंडळाची. आपल्या जुन्या स्मरणिकेच्या शेवटी सभासदांची नावं, फोन, ईमेल छापलेली आहेत. दोन रात्री बसून मी तीनशे बारा पत्ते टाइप केले. कोणाला विचारलं नाही. मनात आलंच नाही म्हणा, किंवा आलं होतं आणि मी ते बाजूला सारलं म्हणा. खरं दुसरं आहे.

पत्राचा विषय होता: ‘फक्त आजच! मिक्सरवर धमाका सूट!!!’ तीन उद्गारचिन्हं. कोर्समध्ये तसंच शिकवलं होतं. प्रत्येक पत्रात सुरुवातीला नाव आपोआप पडेल अशी सोय असते, ती मी लावली. ‘प्रिय अमुकताई, तुमच्या स्वयंपाकघरासाठी खास…’

तीनशे बारांपैकी चाळीस पत्रं परत आली, पत्तेच बंद झालेले. उरलेल्या दोनशे बहात्तरांतल्या नऊ जणांनी ‘हे स्पॅम आहे’ असं बटण दाबलं. ज्या सेवेतून मी पत्रं पाठवली तिने दुसऱ्या दिवशी माझं खातं बंद केलं. मला राग आला. तीनशेत नऊ म्हणजे काय मोठंसं? आता कळतं. गूगलने २०२४च्या फेब्रुवारीपासून पत्रं पाठवणाऱ्यांना जी मर्यादा घालून दिली आहे ती अशी, की तक्रारी हजारामागे एकाच्या आत ठेवा आणि तीनपर्यंत कधी जाऊ देऊ नका. माझ्या हजारामागे तेहतीस झाल्या होत्या.

विक्री? एकही नाही.

खातं गेल्याचं दुःख चार दिवसांचं. पण त्याच संध्याकाळी एका काकांचा फोन आला. ते आज सभागृहात आहेत, नाव घेत नाही. ते म्हणाले, “तुझं पत्र आलं हो. हिच्या पत्त्यावर आलं.” काकूंना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. नातवंडांचे फोटो त्या पत्त्यावर यायचे, म्हणून काकांनी तो चालू ठेवला होता. रोज सकाळी उघडून बघायचे. आणि त्या दिवशी सकाळी त्यांनी उघडलं ते माझं पत्र. प्रिय काकूंना, तुमच्या स्वयंपाकघरासाठी खास.

काका रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “हा पत्ता तुला मिळाला कुठे?” मी सांगितलं. ते म्हणाले, “वहीत आम्ही नाव दिलं ते गणपतीच्या आमंत्रणासाठी.” मग दोन मिनिटं आम्ही दोघंही गप्प होतो, आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर दोन महिने मी काही लिहिलं नाही. जेवढ्यांना शक्य होतं तेवढ्यांना फोन करून किंवा घरी जाऊन माफी मागितली. बऱ्याच जणांना तर पत्र आल्याचं आठवतही नव्हतं. सरळ स्पॅममध्ये गेलं होतं. एक वहिनी म्हणाल्या, “तुझं होतं ते? मला वाटलं कोणी चोर.” ते माफीपेक्षा जास्त लागलं.

माझे वडील विमा एजंट होते. दांडिया बाजारात राहायचो आम्ही. वडिलांची एक काळी डायरी होती, त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचा वाढदिवस, मुलांची नावं, कोणाला कुठला आजार. वाढदिवसाला सायकलवरून जायचे, चहा घ्यायचे आणि विम्याचा शब्दही न काढता परत यायचे. आई चिडायची, पेट्रोल नाही तरी पाय तर दुखतात ना! पण हप्ता थकला की लोक स्वतः घरी येऊन सांगायचे, आणि जावई आला की त्यालाही घेऊन यायचे. ती डायरी एकदा त्यांच्याच धंद्यातल्या एकाने पैसे देऊन मागितली होती. वडील म्हणाले, त्यातली माणसं मला ओळखतात, तुम्हाला ओळखत नाहीत, तुम्ही ती घेऊन करणार काय? ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. तरीही तीनशे बारा पत्ते टाइप केलेच.

मग नव्याने शिकायला लागले. वाचताना कळलं की माझं पाप काही नवीन नाही. एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिलं ईमेल पाठवलं रे टॉमलिन्सन यांनी, १९७१ साली. पत्त्यातली ती ‘अ‍ॅट’ची खूणही त्यांचीच. आणि ३ मे १९७८ रोजी, म्हणजे सातच वर्षांत, अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारे चारशे जणांना न विचारता पाठवली. पत्ते कुठून घेतले? त्या जाळ्यावरच्या लोकांच्या छापील डिरेक्टरीतून. छापील सूचीतून टाइप केलेले! वाचून मला हसूही आलं आणि लाजही वाटली. लोक तेव्हाही भडकले होते.

१९९९ साली सेथ गोडिन यांचं ‘परमिशन मार्केटिंग’ नावाचं पुस्तक आलं. ज्याने हो म्हटलं त्यालाच लिहा, हा त्याचा गाभा. आता आपल्याकडे तो नुसता शहाणपणा राहिलेला नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात म्हटलंय, की माणसाने संमती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी त्याची माहिती वापरायची, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. काकांनी एका वाक्यात सांगितलं होतं तेच, फक्त कलमं घालून.

आता, ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी प्रत्यक्ष काय केलं ते सांगते. यात जादू काही नाही.

पहिलं काम, माणसाने पत्ता का द्यावा याला कारण तयार केलं. नुसतं ‘आमचे सदस्य व्हा’ म्हटल्यावर कोणी होत नाही. मी ‘गणपतीआधीचे आठ दिवस’ अशी दोन पानांची यादी केली. कुठल्या दिवशी काय आणायचं, मोदकाचं पीठ कधी, मखराचं सामान कधी, पाहुण्यांच्या भांड्यांची मोजणी कधी. मुंबई-पुण्यात सगळं कोपऱ्यावर मिळतं, पण इंदूरच्या नाहीतर हैदराबादच्या घरात ही यादी उपयोगी पडते. ज्याला हवी त्याने नाव-पत्ता भरायचा. भरल्यावर त्याला आधी एक पत्र जातं, ‘खरंच तुम्हीच भरलंत का?’ त्यातल्या बटणावर हो म्हटलं तरच नाव वहीत चढतं. यात पाचांतला एक गळतो. गळू द्यावा. चुकीचे पत्ते आणि दुसऱ्याने गंमत म्हणून भरलेली नावं तिथेच थांबतात.

पहिल्या वर्षी अशी एकशे सत्तर नावं झाली. कोर्सवाल्याने ऐकलं असतं तर हसला असता.

दुसरं, पत्र. दर गुरुवारी एक, जास्त नाही. पहिल्या पत्रात मी कोण, कुठली, काय लिहीन, आणि नको असेल तर खालच्या कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं. पुढची तीन पत्रं काहीही न विकता. कुकरची शिट्टी का अडकते, मिक्सरच्या भांड्याचं पातं सैल झालं हे कसं ओळखायचं, लोखंडी तवा पावसाळ्यात कसा ठेवायचा. चौथ्यात एखादी लिंक. विषयाची ओळ साधी. ‘कुकरची शिट्टी अडकते का?’ या पत्रावर जेवढी उत्तरं आली तेवढी दुसऱ्या कशावर आली नाहीत. पाठवणाराच्या जागी माझं नाव असतं, वेबसाइटचं नाही.

किती जणांनी पत्र उघडलं याचा आकडा सगळ्या सेवा दाखवतात. नवीन माणूस त्यावरच खूश होतो किंवा झुरतो. त्यावर विसंबू नका. २०२१पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये अशी सोय आहे, की माणसाने पत्र उघडलं नाही तरी आतली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात आणि आपल्याला वाटतं उघडलं. लिंकवर कितीजण गेले ते बघा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उत्तर किती जणांनी दिलं. मी प्रत्येक उत्तराला उत्तर देते. यात वेळ जातो, पण पुढचं पत्र कशावर लिहायचं ते तिथेच मिळतं.

तांत्रिक भागाला मी सगळ्यात जास्त घाबरले होते. तो मुलाने एका रविवारी करून दिला. फुकटच्या ईमेल पत्त्यावरून, दुसऱ्या सेवेमार्फत अशी पत्रं पाठवली तर ती स्पॅममध्ये जाण्याची भीती असते, म्हणून स्वतःच्या वेबसाइटच्या नावाचा पत्ता हवा. मग एसपीएफ नावाची नोंद. माझ्या नावाने पत्रं टाकायची परवानगी कोणाकोणाला आहे त्याची ती यादी. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर, वाटेत कोणी मजकूर बदलला तर कळावं. डीएमएआरसी म्हणजे पोस्टमनला दिलेली सूचना, की मोहोर जुळली नाही तर पत्राचं काय करायचं. गूगलने दिवसाला पाच हजारांवर, आणि याहूनेही मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांना हे सगळं सक्तीचं केलंय, शिवाय एका टिचकीत नाव काढायची सोयही. आपण पाच हजारांच्या जवळपासही नाही, तरी केलेलं बरं.

तिसरं, कमिशनचं खरं सांगणं. भारतातल्या जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, २०२१मध्ये याचे नियम केले. पैसे किंवा फायदा मिळत असेल तर ते वाचणाऱ्याला स्पष्ट दिसलं पाहिजे. मी लिंकच्या वरच लिहिते: ‘इथून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुमची किंमत बदलत नाही.’ सुरुवातीला वाटलं, हे वाचून कोण घेईल? उलट नाशिकच्या एक बाई लिहितात, “मग तुमच्याच लिंकवरून घेते, कुठलं बटण ते सांगा.” आणि एक लक्षात ठेवा, पुष्कळ कंपन्यांना त्यांची लिंक थेट ईमेलमध्ये घातलेली चालत नाही. नियम वाचा. मी पत्रात माझ्या वेबसाइटच्या पानाची लिंक देते, आणि दुकानाची लिंक त्या पानावर ठेवते.

इतकं शिकूनही दुसऱ्या वर्षी पाय घसरलाच. एका वेट ग्राइंडरवर इतरांच्या दुप्पट कमिशन होतं. मी तो वापरलेला नव्हता. दुकानाच्या पानावरचे लोकांचे अभिप्राय वाचून लिहिलं, तेही अगदी ‘आमच्या घरी’ असल्यासारखं. बेळगावच्या एका वाचकताईंनी घेतला. तीन आठवड्यांत बंद पडला, आणि त्यांच्या गावात दुरुस्तीचं केंद्रच नाही. त्यांनी मला लिहिलं, “तुमच्या घरचा चालतोय का अजून?” तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. मग त्या ताईंना आधी आणि गुरुवारी सगळ्यांनाच लिहिलं, की आमच्या घरी तो कधी नव्हताच. चौदा जणांनी नाव काढून घेतलं. ताईंनी काढलं नाही, पण त्यानंतर माझ्या लिंकवरून त्यांनी काही घेतलंही नाही. आता जी वस्तू माझ्या किंवा ओळखीच्या दोन घरांत सहा महिने चाललेली आहे तिच्याबद्दलच लिहिते. त्यामुळे वर्षाला जेमतेम पंधरा वस्तू होतात.

पैशाचं विचारायला तुम्हाला संकोच वाटेल, म्हणून मीच सांगते. आज वहीत अकराशे चाळीस नावं आहेत. महिन्याला चार ते सहा हजार मिळतात. नवरात्र-दिवाळीच्या महिन्यात एकदा अकरा हजार मिळाले होते. त्यातून वेबसाइटचा आणि पत्रं पाठवण्याचा खर्च जातो. हिशेब लिहिणारी बाई आहे, म्हणून हेही सांगते की हे उत्पन्न आहे, विवरणपत्रात दाखवायचं, आणि पॅन दिलेला नसेल तर कर जास्त कापला जातो. माझा जुना पगार यातून निघत नाही. सकाळी मी रावपुऱ्यात एका दुकानाचे हिशेब लिहिते, गुरुवारची पत्रं रात्री. मागे उभ्या असलेल्या पोरांपैकी कोणी नोकरी सोडून यात उतरणार असेल तर आधी मला भेटा, मी वर्षा-वर्षाचे आकडे वहीसकट दाखवीन.

शेवटचं मंडळाबद्दल. मी कार्यकारिणीकडे एक विनंती केली होती आणि ती त्यांनी मान्य केली. सभासदांच्या वहीत यंदापासून दोन नवे रकाने आहेत. एक, ईमेल स्मरणिकेत छापायचा की नाही. दुसरा, तो कशाकशासाठी वापरायचा: आमंत्रण, वर्गणी, दुःखद बातमी, की आणखी काही. रिकामा ठेवलात तर ‘नाही’ असं धरलं जाईल. ज्यांची माणसं गेली आहेत त्यांनी ते नाव ठेवायचं की काढायचं हेही तिथेच लिहावं. ठेवायचं असेल तर कारण सांगायची गरज नाही.

फॉर्म प्रसादाच्या टेबलाशेजारी आहेत. पेन दोऱ्याने बांधून ठेवलंय, मागच्या वर्षी तीन गेली. आणि ईमेल लिहिताना अक्षरं सुटी लिहा हो, मागच्या वहीत यू की व्ही ते ओळखताना डोळे फुटायची वेळ आली होती.